जुन्या एमटीबीला ड्रॉप बार बसवताना

पुण्याहून बोपदेव घाट चढून सासवडच्या बाजूला उतरलं की डांबर सोडायला हव्या तितक्या जागा आहेत. पुरंदरच्या पायथ्याचे मुरमाचे रस्ते, भुलेश्वरकडची माळरानं, शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटा. या वाटा अवघड नाहीत, पण लांब आहेत. सरळ हँडलवर चार तास एकाच पकडीत काढले की मनगटं भरून येतात, करंगळीला मुंग्या येतात, आणि जून-जुलैत परतताना पश्चिमेचा वारा छातीवर घेत पेडल मारावं लागतं. म्हणून मी माझ्या २६ इंची चाकांच्या जुन्या एमटीबीला (माउंटन बाइकला) ड्रॉप बार, म्हणजे रेसिंग सायकलसारखं वळलेलं हँडल लावलं.

हे काम मला दोनदा करावं लागलं. पहिल्या वेळी मी आधी हँडल विकत घेतलं आणि मग बाकीचा विचार केला. ब्रेक जुळले नाहीत, बसण्याची जागा बिघडली, आणि दोन महिन्यांत सगळं उतरवून परत जोडलं. तुमचा तो फेरा वाचावा म्हणून हे लिहितोय.

कल्पना नवी नाही. ब्रिजस्टोन कंपनीची १९८७ची एमबी-१ ही माउंटन बाइक कारखान्यातूनच ड्रॉप बार लावून यायची. १९९० साली अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या दुरँगोला यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेची पहिली माउंटन बाइक विश्वस्पर्धा झाली, तिथे जॉन टोमॅक हा सायकलपटू ड्रॉप बारवर उतरला होता. तो त्या वेळी रोड रेसिंगही करत होता आणि दोन्हीकडे हातांची जागा एकच राहावी असं त्याला वाटायचं. पुढे साल्सा कंपनीची फार्गो ही सायकल याच धाटणीची निघाली. फार्गोचा फोटो शोधून नीट बघा. हँडल किती उंच बसवलंय ते लक्षात येईल. रोड सायकलवर हँडल सीटच्या खाली असतं आणि खालची पकड वाऱ्याविरुद्ध अधूनमधून वापरायची असते. कच्च्या रस्त्यावर उलट आहे. उतारावर, खडीत, वाळूत तुमचे हात खालच्या पकडीतच असणार, कारण तिथून ब्रेक सगळ्यात जोरात लागतो आणि धक्क्यानं हात निसटत नाही. म्हणजे खालची पकड ही तुमची मुख्य जागा. पुढचं प्रत्येक माप या एका गोष्टीवरून ठरवायचं आहे.

१. आधी सायकल पारखून घ्या

सगळ्यात सोयीची सायकल म्हणजे जुनी, शॉक नसलेल्या फोर्कची, व्ही-ब्रेक किंवा कँटिलिव्हर ब्रेकची (दोन्ही चाकाची रिम दोन बाजूंनी दाबणारे). या सायकलींना मुळात १०० ते १३० मिमी लांबीचे स्टेम, म्हणजे हँडलला फोर्कशी जोडणारे तुकडे, असायचे. ड्रॉप बारमुळे हात पुढे जातात, तेव्हा स्टेम आखूड करून ते अंतर परत मिळवता येतं. तुमच्या हाताशी पाच-सहा सेंटिमीटर असतात.

आताच्या एमटीबींचं तसं नाही. त्यांची फ्रेम मुळातच लांब आणि स्टेम ३५ ते ५० मिमी. आणखी आखूड करायला जागाच उरत नाही. त्यात हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक आणि बारा गिअर असतील तर खर्च इतका वाढतो की तयार ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीची ड्रॉप बारची सायकल, घेतलेली बरी. मागेपुढे दोन्हीकडे शॉक असलेल्या सायकलच्या वाटेला तर जाऊच नका.

तुमच्या उंचीला किंचित लहान पडणारी जुनी फ्रेम घरात असेल, तर ती या कामाला उत्तम.

२. टेप घेऊन सायकलजवळ बसा

काहीही मागवण्याआधी या गोष्टी कागदावर लिहून काढा:

- सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर
- जमिनीपासून सीटची आणि हँडलच्या मुठीची उंची
- स्टेम हँडलला जिथे आवळतो तिथला व्यास: २५.४, ३१.८ की ३५ मिमी
- स्टेमखाली किती रिंगा, म्हणजे स्पेसर, आहेत
- ब्रेकचा प्रकार
- पुढच्या आणि मागच्या दातेरी चकत्या किती, आणि मागच्या डिरेलरवर (चेन एका चकतीवरून दुसरीवर हलवणाऱ्या भागावर) काय लिहिलंय

व्यास टेपनं मोजू नका, व्हर्निअर कॅलिपर वापरा. स्टेमवर बहुतेक वेळा आकडा छापलेला असतो.

३. हँडल आणि स्टेम

कच्च्या रस्त्यासाठीचं हँडल रोडच्या हँडलपेक्षा वेगळं असतं. तीन गोष्टी बघा. एक, खालची टोकं बाहेर फाकलेली हवीत. याला फ्लेअर म्हणतात. १६ ते २५ अंश फ्लेअर असला की खालच्या पकडीत मनगट नैसर्गिक राहतं आणि सायकल वळवायला जोर मिळतो. दोन, रुंदी. रोडवर ४२ सेंटिमीटर वापरत असाल तर इथे ४६ ते ५० घ्या. तीन, खोली आणि पुढची लांबी कमी हवी: खोली १०० ते ११५ मिमी, पुढची लांबी, म्हणजे रीच, ७० मिमीच्या आसपास.

आता सगळ्यांना अडकवणारी गोष्ट. सरळ हँडलच्या मुठीकडची नळी २२.२ मिमीची असते, ड्रॉप बारची २३.८ मिमीची. दीड मिलिमीटरचा फरक, पण त्यामुळे तुमचे सध्याचे ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) नव्या हँडलवर चढत नाहीत. "कानस मारून भोक मोठं करून देतो" असं म्हणणारा कुणीतरी भेटतोच. ब्रेकच्या लिव्हरच्या बाबतीत हे करू नका. घासलेला क्लॅम्प उतारावर सरकला किंवा चिरला तर हातात काहीच राहत नाही.

स्टेम निवडताना हातांच्या जागा डोळ्यांसमोर आणा. ब्रेकच्या हूडवरची, म्हणजे लिव्हरच्या रबरी डोक्यावरची, पकड मधल्या दांडीपासून साधारण १४-१५ सेंटिमीटर पुढे असते. खालची पकड तितकी पुढे नसते, पण ११ सेंटिमीटर खाली असते. म्हणून स्टेम आखूडही हवा आणि वर चढणाराही. माझा जुना स्टेम ११० मिमीचा होता. आता ५० मिमीचा, ३५ अंश वर जाणारा आहे, आणि हँडलची मधली दांडी सीटपेक्षा सात सेंटिमीटर वर आहे. बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण खालची पकड सीटपेक्षा चारच सेंटिमीटर खाली येते आणि मी तिथे तासभर आरामात राहू शकतो. तुमचा आकडा वेगळा निघेल, पण खालची पकड सीटच्या तीन ते पाच सेंटिमीटर खाली, हा अंदाज धरून सुरुवात करा.

फोर्कची, स्टेम जिच्यावर बसतो ती, नळी आधीच आखूड कापलेली असेल तर स्टेम मनाला येईल तितका वर सरकवू नका. स्टेमचे दोन्ही बोल्ट नळीवर पूर्ण आवळले गेले पाहिजेत. नळीचं टोक स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटरच खाली असावं. जुन्या पद्धतीचा, नळीच्या आत उतरणारा स्टेम असेल तर त्यावर किमान खोलीची रेघ कोरलेली असते. ती रेघ बाहेर दिसता कामा नये.

४. ब्रेक: इथे वेळ द्या

माझी पहिली चूक इथे झाली. साधे रोडचे लिव्हर आणि माझे जुने व्ही-ब्रेक, असं जोडून घेतलं. दुकानात चाक फिरवून ब्रेक दाबला तर चाक झटकन थांबलं. मीही समाधानानं घरी आलो.

व्ही-ब्रेकच्या भुजा साधारण १०-११ सेंटिमीटर लांब असतात. त्या रिमवर आणायला केबल भरपूर खेचावी लागते. एमटीबीचा लिव्हर तेवढी खेचतो. रोडचा लिव्हर जवळजवळ अर्धीच खेचतो. त्यामुळे ब्रेकचे रबर रिमला अगदी चिकटून ठेवावे लागतात, कागद जेमतेम सरकेल इतके. रबर नवे आणि रिम कोरडी असेपर्यंत सगळं छान चालतं. मग पाऊस येतो. मुरमाचा चिखल रिमवर बसतो आणि कानस फिरवल्यासारखा रबर खातो. अशाच एका पावसाळी दिवशी घाट उतरताना तिसऱ्या वळणापर्यंत लिव्हर थोडा खोल जातोय असं जाणवलं, पाचव्या वळणावर तो हँडलला टेकला आणि सायकल पुढे जातच राहिली. मी डोंगराच्या बाजूच्या गवतात सायकल घातली. गुडघा सोलवटला, बाकी वाचलो. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला दरी होती.

म्हणून ही जोडी लावू नका, कुणी कितीही खात्री दिली तरी. योग्य मार्ग असे आहेत.

व्ही-ब्रेक ठेवायचे असतील तर जास्त केबल खेचणारे ड्रॉप लिव्हर घ्या. टेक्ट्रोचा आरएल५२० हा यातला सगळ्यांना माहीत असलेला. यात गिअर नसतात, फक्त ब्रेक. माझ्या सायकलवर आता हेच आहेत. या लिव्हरला केबल ताणायचा फिरता स्क्रू नसतो, म्हणून केबलच्या मधे बसणारा छोटा ॲडजस्टर सोबत मागवा. नाहीतर रबर झिजला की दर वेळी ब्रेकपाशी केबल सोडून परत ओढावी लागते, आणि पावसात वाटेत थांबून ते करणं कठीण.

गिअर-ब्रेक एकत्र असलेले रोडचे शिफ्टर लावायचे असतील तर ब्रेक बदला. मिनी व्ही-ब्रेकच्या भुजा ८०-९० मिमीच्या असतात, त्या रोड लिव्हरशी बऱ्या जुळतात. पण आखूड भुजेमुळे टायरवर जागा कमी राहते, २.१ इंची टायर आणि वर चिखल, म्हणजे घासणार. कँटिलिव्हर ब्रेकला हा त्रास नाही, मात्र फ्रेमवर मागे आणि फोर्कवर पुढे केबल अडवणारा थांबा लागतो.

केबलवर चालणारे डिस्क ब्रेक असतील तर तोच नियम. त्यांचे कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारे जबडे, रोडचे आणि एमटीबीचे वेगळे येतात. ॲव्हिडचा बीबी७ दोन्ही प्रकारांत मिळतो आणि दिसायला सारखाच असतो, म्हणून घेताना नाव नीट वाचा. हायड्रॉलिक डिस्क असतील तर लिव्हर आणि कॅलिपर दोन्ही बदलावे लागतात. रोडचे आताचे कॅलिपर बहुतेक फ्लॅट माउंटचे, म्हणजे फ्रेमला सपाट चिकटून बसणारे, असतात, ते एमटीबीच्या फ्रेमवर सरळ बसत नाहीत. टीआरपीचा एचवाय/आरडी हा केबलनं चालणारा, पण आत तेल असलेला कॅलिपर इथे उपयोगी पडतो.

५. गिअर

इथे मी सगळ्यात साध्या वाटेनं गेलो आणि खूश आहे: हँडलच्या टोकात बसणारे बार-एंड शिफ्टर, फ्रिक्शनवर. क्लिक नाही, बोटानं अंदाज घेऊन चेन हलवायची. आठवडाभरात हात बसतो. सात, आठ, नऊ, कुठलेही गिअर चालतात, कुठलाही डिरेलर चालतो, आणि वाटेत डिरेलर थोडा वाकला तरी घरी येता येतं.

क्लिकवालेच हवे असतील तर शिमानोच्या सात, आठ आणि नऊ गिअरच्या एमटीबी मागच्या डिरेलरना त्याच संख्येचे शिमानोचे रोड शिफ्टर चालतात. दहा गिअरपासून पुढे रोड आणि एमटीबीचं केबल खेचण्याचं गणित वेगळं झालं. तिथे आकडा सारखा दिसला म्हणून विकत घेऊ नका. मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट हा नऊ गिअरचा संच मात्र यासाठी सरळ आहे, कारण ड्रॉप बारचे शिफ्टर आणि मोठ्या कॅसेटचा (मागच्या चकत्यांच्या संचाचा) डिरेलर एकाच घरातले आहेत.

पुढच्या तीन चकत्यांचा एमटीबी डिरेलर रोड शिफ्टरवर नीट क्लिक होत नाही. एकतर पुढे फ्रिक्शन ठेवा, नाहीतर पुढे एकच चकती करा.

६. हत्यारं आणि सामान

- ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की, शक्यतो टॉर्क रेंच
- केबल कटर (पक्कड चालणार नाही, केबलच्या तारा पिंजतात)
- बारीक कानस आणि एक दाभण
- ब्रेकची आणि गिअरची नवी इनर (आतली तार) आणि आउटर (बाहेरचं कवच) केबल, दोन्ही टोकांच्या टोप्यांसह
- ग्रीस, इन्सुलेशन टेप, बार टेप, हँडलच्या टोकाची बुचं

केबलबद्दल दोन सूचना. रोड लिव्हरच्या ब्रेक केबलचं डोकं पेरूसारखं छोटं असतं, एमटीबीचं पिंपासारखं आडवं. जुनी केबल परत वापरता येणार नाही. आणि गिअरची आउटर कधीही ब्रेकला लावू नका. ब्रेकच्या आउटरमध्ये तार गुंडाळलेली असते, गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या असतात. जोरात ब्रेक दाबला की उभ्या तारा कवच फाडून बाहेर येतात आणि ब्रेक जातो.

७. जोडणी

जुन्या केबल कापून काढा, मुठी, लिव्हर, शिफ्टर उतरवा. स्टेम सोडताना क्रम पाळा: आधी वरच्या टोपीचा बोल्ट, मग बाजूचे दोन. फोर्क हातानं धरून ठेवा, नाहीतर तो खाली निसटतो आणि हेडसेटमधल्या, म्हणजे फोर्क फिरतो त्या सांध्यातल्या, बेअरिंग विखुरतात.

नवा स्टेम बसवतानाही तोच क्रम. वरची टोपी इतकीच आवळा की पुढचं चाक हातानं धरून मागेपुढे हलवलं तर हेडसेटमध्ये ढिलाई जाणवू नये आणि फोर्क सहज फिरावा. मग चाक सरळ बघून बाजूचे बोल्ट. त्यानंतर हँडल. स्टेमच्या तोंडाचे चार बोल्ट फुलीच्या क्रमानं थोडे थोडे आवळा आणि वर-खालची फट सारखी ठेवा. भागावर जो आकडा छापलाय तोच पाळा. बहुतेक ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो.

लिव्हर बसवताना हूडवरून बघू नका. हात खालच्या पकडीत ठेवा, एक-दोन बोटं पुढे करा, लिव्हर तिथे सहज आला पाहिजे. तो यावा म्हणून मनगट वळवावं लागत असेल तर लिव्हर खाली सरकवा. हूड थोडे खाली आले तरी चालेल.

बार-एंड शिफ्टर नळीत घालून आतून फुगवून घट्ट करतात. काहींचा स्क्रू उलट्या आट्यांचा असतो. घट्ट होत नाही म्हणून जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेनं फिरवून बघा.

८. केबल कापणं

आउटर कापण्याआधी हँडलला इन्सुलेशन टेपनं चिकटवून घ्या आणि हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. केबल ताणली जात नाही ना, फ्रेमवर अडकत नाही ना, ते बघूनच खूण करा. उंच हँडलमुळे जुन्या अंदाजापेक्षा आउटर लांब लागते. शंका असेल तर तीन-चार सेंटिमीटर जास्त ठेवा. कापता कधीही येतं.

कापलेलं टोक कानशीनं सपाट करा. आतली प्लास्टिकची नळी चेपलेली असते, ती दाभणानं गोल उघडा. ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट बहुतेक जण सोडतात आणि मग गिअर जड का चालतो म्हणून डिरेलर बदलत बसतात.

९. रस्त्यावर नेण्याआधी

उभ्या सायकलवर दोन्ही ब्रेक पूर्ण ताकदीनं दहा-दहा वेळा दाबा. केबल थोडी सैल होईल, परत ताणा. लिव्हर आणि हँडल यांच्यात दोन बोटं मावतील इतकी जागा राहिली पाहिजे. राहत नसेल तर बाहेर पडू नका.

पहिले दोन-तीन दिवस एखाद्या मोकळ्या मैदानावर किंवा मातीच्या सपाट रस्त्यावर काढा. खालच्या पकडीतून एकाएकी थांबा, आठाच्या आकड्यात फिरा, हाताभर उंचीचा चढ-उतार घ्या. खांदे कानाकडे चढत असतील तर हँडल खाली किंवा दूर आहे. हाताच्या तळव्यावर सगळा भार येत असेल तर स्टेम आणखी आखूड करा. मोठमोठ्या दगडांच्या, पायऱ्यांसारख्या उतारावर रुंद सरळ हँडलच बरं, तिथे ही सायकल नेऊ नका.

चाळीस-पन्नास किलोमीटर झाले की स्टेमचे आणि लिव्हरचे सगळे बोल्ट परत तपासा.

१०. टेप शेवटी

बार टेप पहिल्याच दिवशी गुंडाळू नका. तोपर्यंत केबल इन्सुलेशन टेपनं धरून ठेवा. लिव्हर पाच मिलिमीटर खाली, हँडल दोन अंश वर, असे बदल पहिल्या चार फेऱ्यांत होतातच, आणि दर वेळी टेप सोडली की तिचा गोंद जातो.

जागा पक्की झाली की टोकापासून स्टेमकडे गुंडाळत या. सीटवरून बघताना उजवीकडे घड्याळाच्या दिशेनं, डावीकडे उलट. हात बाहेरच्या बाजूला ओढ देतो तेव्हा अशी गुंडाळलेली टेप आवळत जाते. माझ्या हँडलवर खालच्या वळणापाशी जुन्या ट्यूबचा एक पट्टा टेपच्या आत घातलाय. मुरमाच्या रस्त्यावर तळव्याला तो फरक लगेच कळतो.